सुगंधावरून नाव, रचनेवरून नाव : जाई-जुईच्या प्रजातीचा शोध

जाई, जुई, मोगरा, कुंद, कुसर आणि नेवाळी ही फुले मराठी घरांत, देवळांत आणि बाजारात शतकानुशतके रुळलेली आहेत; मात्र या सर्वांना एका छत्राखाली आणणारा शब्द मराठीत नाही, ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. जाई ती जाई आणि मोगरा तो मोगरा. दोहोंचा सुगंध जवळचा असला आणि एकाच गजऱ्यात ती ओवली जात असली, तरी भाषेने त्यांची कधी गल्लत केली नाही. फारसी, अरबी, फ्रेंच आणि इंग्रजी या भाषांत मात्र या साऱ्या फुलांना पुरून उरणारा एकच शब्द आहे आणि त्याच शब्दाचे लॅटिन रूप, 'जॅस्मिनम', वनस्पतिशास्त्राने या प्रजातीचे नाव म्हणून स्वीकारले आहे. येथे प्रजाती म्हणजे जवळच्या अनेक जातींचा समूह आणि कुल म्हणजे जवळच्या अनेक प्रजातींचा समूह, असा अर्थ घ्यावयाचा आहे. सुमारे २०० जाती असलेली ही प्रजाती ऑलिएसी कुलात, म्हणजे ऑलिव्हच्या कुलात, मोडते. पश्चिमेकडे गेलेला शब्द सुगंधाच्या मागोमाग पसरला आणि पसरताना त्याच्या सीमा पुसट झाल्या. भारतीय भाषांतील नावे मात्र फुलाचा ऋतू, झाडाची ठेवण, फुलांचा झुबका आणि रंग यांवर आधारलेली असल्यामुळे शास्त्रीय वर्गीकरणाच्या कितीतरी अधिक जवळची राहिली, हे प्रस्तुत व्याख्यानाचे मुख्य प्रतिपादन आहे.

प्रथम पश्चिमेकडील शब्दाचा प्रवास पाहणे सोयीचे होईल. मध्ययुगीन फारसीत, म्हणजे इस्लामपूर्व इराणच्या पहलवी भाषेत, या फुलाला 'यासमन' म्हणत. अरबीने तो शब्द 'यासमीन' या रूपात घेतला, अरबी वैद्यकाच्या आणि अत्तरांच्या व्यापाराबरोबर तो भूमध्य समुद्राच्या काठाने युरोपात पोचला आणि सोळाव्या शतकात फ्रेंचमध्ये व इंग्रजीत स्थिरावला. मुलींचे नाव म्हणून 'यास्मिन' आजही महाराष्ट्रातील पारशी आणि मुस्लिम कुटुंबांत ऐकू येते, तेही याच मूळ शब्दाचे. पहिल्या शतकातील ग्रीक वैद्य डायॉस्कोरिडीस याने आपल्या औषधिग्रंथात इराणी लोक तिळाच्या तेलात पांढरी फुले मुरवून करत असलेल्या एका सुवासिक तेलाची नोंद केली असून त्या तेलाचे नाव याच शब्दकुळातले आहे. त्याने त्या फुलांना पांढरी व्हायोलेट म्हटले आहे. म्हणजे युरोपच्या लिखित परंपरेत हे नाव आले ते झाडाचे म्हणून आलेच नाही, ते तेलाचे म्हणून आले. पुढे घडलेल्या बऱ्याच गोंधळाचे मूळ येथे सापडते, कारण तेल ओळखले जाते ते वासावरून आणि वास काही एका झाडाची मिरास नसतो.

या शब्दाची फोड करण्याचे जे प्रयत्न झाले त्यांत दोन विशेष लोकप्रिय आहेत आणि दोन्ही टिकणारे नाहीत. ग्रीकमधील 'इऑन' म्हणजे व्हायोलेटचे फूल आणि 'ऑस्मे' म्हणजे वास या दोन शब्दांची सांगड घालून हे नाव सिद्ध करण्याचा मोह डायॉस्कोरिडीसच्या उल्लेखामुळे अनेकांना झाला. अरबीभाषकांत निराशा आणि असत्य या अर्थांचे दोन शब्द जोडून 'निराशा हे असत्य आहे' असा भावपूर्ण अर्थ काढला जातो. भाषाशास्त्र अशांना लोकव्युत्पत्ती म्हणते, म्हणजे मूळ विसरलेल्या शब्दाला लोकांनी आपल्या भाषेतल्या ओळखीच्या शब्दांनी दिलेला अर्थ. शब्द इराणी आहे, ग्रीक आणि अरबी या दोन्ही भाषांत तो उसना आला आहे, आणि त्यामुळे त्याची फोड या भाषांच्या शब्दकोशांतून करता येत नाही.

हा शब्द पूर्वेकडेही गेला आणि तेथे जे घडले ते पश्चिमेहून वेगळे आहे. नवव्या शतकातील चिनी लेखक त्वान छंगशी याने पश्चिमेकडील देशांतून, इराणातून आणि रोमी साम्राज्यातून, आलेल्या 'येसिमी' नावाच्या फुलझाडाचे वर्णन केले आहे, आणि हे नाव फारसी शब्दाचेच चिनी उच्चारण आहे. मोगऱ्याला मात्र चिनी भाषेत 'मोली' म्हणतात. हा शब्द संस्कृत 'मल्लिका'पासून आला असून चीनमधील प्रसिद्ध सुवासिक चहात पडते ते हेच फूल. एक नाव इराणच्या वाटेने आले, दुसरे भारताच्या वाटेने आले, आणि दोन झाडांसाठी दोन नावे चीनमध्ये वेगळी नांदली. जेथे नावाबरोबर झाडही आले, तेथे नावाची सीमा शाबूत राहिली, असा अर्थ यातून काढण्यास हरकत नाही.

आता भारतीय नावांकडे वळता येईल. अमरसिंहाने रचलेल्या अमरकोश या संस्कृत शब्दकोशाच्या वनौषधिवर्गात या झाडांसाठी जे पर्यायशब्द एकत्र केले आहेत ते वनस्पतीच्या अभ्यासकाने सावकाश वाचण्यासारखे आहेत. मल्लिकेला, म्हणजे मोगऱ्याला, तेथे 'शीतभीरु' हे एक नाव आहे: थंडीला भिणारी. मोगऱ्याचा बहर उन्हाळ्यात येतो आणि हिवाळ्यात झाड जवळजवळ मुके होते, हे ज्याने कुंडीत मोगरा लावला आहे त्या प्रत्येकाला ठाऊक असते. तिलाच 'भूपदी' असेही म्हटले आहे, कारण हे झुडूप जमिनीलगत पसरते, त्याच्या फांद्या मातीला टेकतात आणि टेकल्या जागी मुळे धरतात. माळी मंडळी दाब कलम करतात ते झाडाच्या याच सवयीचा लाभ घेऊन. कुंदाला अमरकोशात 'माघ्य' म्हटले आहे, म्हणजे माघ महिन्यात फुलणारा, आणि कुंदाचा बहर खरोखरच हिवाळ्यातला असतो. जुईला 'यूथिका' हे नाव 'यूथ' म्हणजे समूह या शब्दावरून मिळाले असून तिची बारीक फुले झुबक्याने येतात, एकेकटी येत नाहीत. यूथिकेतील पिवळ्या फुलांच्या प्रकाराला अमरसिंहाने 'हेमपुष्पिका' असे स्वतंत्र नाव नोंदवले आहे, आणि त्या नोंदीकडे शेवटी पुन्हा वळावे लागेल. रानात आपोआप वाढणाऱ्या मल्लिकेलाही त्याने 'आस्फोटा' असे वेगळे नाव दिले आहे. या सगळ्या नावांत वासावरून दिलेले एकही नाव नाही, आणि या फुलांचा वासच सर्वांत आधी जाणवतो हे लक्षात घेतले म्हणजे त्या नावे देणाऱ्यांची दृष्टी किती शिस्तीची होती हे कळते.

मराठी नावे याच शब्दांची वंशज आहेत. 'जाति'चे प्राकृतात 'जाई' झाले, 'यूथिका'चे 'जूहिआ' आणि पुढे 'जुई' झाले, हिंदीत तेच 'जूही' म्हणून राहिले. 'नवमालिका'ची नेवाळी झाली. 'मोगरा' हा शब्द संस्कृत 'मुद्गर' या शब्दाशी जोडला जातो, ज्याचा एक अर्थ या वर्गातील फुलझाड आणि दुसरा अर्थ लाकडी हातोडा असा आहे; कपडे धोपटायच्या मोगरीचे नावही तेच. गोव्यात जाईला कोकणीत 'जाय' आणि अनेकवचनी 'जायो' म्हणतात, आणि म्हार्दोळच्या म्हाळसा देवीच्या देवळात पावसाळ्याच्या शेवटी होणारी जायांची पूजा या एका फुलाच्या नावाने ओळखली जाते.

तरीही देशी नावांना निर्दोष ठरवणे योग्य होणार नाही. 'जाति' हाच शब्द संस्कृतात जायफळाच्या झाडालाही आहे, जायफळ आणि जायपत्री या मराठी शब्दांत तो आजही तसाच आहे, आणि जायफळाचा या वेलींशी कुलाचाही संबंध नाही. 'मालती' हे अमरकोशात जाईचे नाव आहे. मात्र हल्ली मराठीत मधुमालती म्हणून जी वेल कुंपणावर चढवली जाते, जिची फुले संध्याकाळी पांढरी उमलतात आणि पुढे गुलाबी, लाल होत जातात, ती देशी बदामाच्या कुलातील आहे. इंडोनेशियात 'मालती'चेच 'मलाती' झाले आणि ते नाव मोगऱ्याला मिळाले. फिलिपीन्समध्ये मोगऱ्याला 'संपागीता' म्हणतात आणि १९३४ पासून ते त्या देशाचे राष्ट्रीय फूल आहे. 'संपागा' या मूळ तागालोग शब्दाला स्पॅनिश लघुत्वदर्शक प्रत्यय लागून ते नाव तयार झाले. नेवाळीच्या बाबतीत तर दोन जिल्ह्यांतील माळी दोन वेगळी झुडपे दाखवतील. नावाला झाडाशी बांधून ठेवणारा काही नियम असल्याखेरीज चांगल्यातले चांगले नावही भटकते, आणि हा नियम घालून देण्याचे काम अठराव्या शतकात झाले.

त्या कामाची पूर्वतयारी बऱ्याच अंशी भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर झालेली होती. गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्याचा भारतीय औषधींवरील संवादरूप ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला आणि त्यातील एक संपूर्ण संवाद 'दुःखी वृक्षा'विषयी, म्हणजे पारिजातकाविषयी, आहे. सूर्यावर प्रेम करणाऱ्या आणि त्याने टाकल्यावर जळून गेलेल्या राजकन्येच्या राखेतून हे झाड उगवले आणि म्हणून ते उन्हात फूल धरत नाही, ही लोककथा ऑर्ताने तेथे सांगितली आहे. १५६७ मध्ये क्लूसियस या वनस्पतिशास्त्रज्ञाने या ग्रंथाचा लॅटिन सारांश प्रसिद्ध केला आणि दुःखी वृक्ष युरोपातील विद्वानांच्या परिचयाचा झाला. पुढे शतकभराने डच अधिकारी हेंड्रिक फान ऱ्हेडे याने कोचीनमध्ये 'हॉर्टस मलबारिकस' या बारा खंडांच्या ग्रंथाची उभारणी केली. १६७८ ते १६९३ या काळात तो ॲम्स्टरडॅम येथे छापला गेला. त्याच्या सहाव्या खंडात मोगऱ्याचे प्रकार 'नल्ला मुल्ला', 'कुड्डा मुल्ला' अशा मल्याळी नावांनी चित्रांसह दिले आहेत, कारण मल्याळीत 'मुल्ला' म्हणजे याच वर्गातील फूल. या ग्रंथासाठी इट्टी अच्युतन या मल्याळी वैद्याबरोबर रंगा भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या तीन कोकणी वैद्यांनी माहिती पुरवली आणि १६७५ मध्ये त्यांनी कोकणीत, नागरी लिपीत, लिहून दिलेले प्रमाणपत्र पहिल्या खंडात छापलेले आहे. वनस्पतीचे चित्र, तिचे देशी नाव आणि ते सांगणाऱ्याची साक्ष या तिन्ही गोष्टी एकत्र ठेवण्याची ही पद्धत आजही आदर्श मानावी अशी आहे.

कार्ल लिनिअस याने १७५३ मध्ये 'स्पेसीज प्लांटारम' हा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि वनस्पतींच्या शास्त्रीय नामकरणाचा आरंभ आज याच ग्रंथापासून धरला जातो. प्रत्येक वनस्पतीला दोन शब्दांचे नाव, पहिला शब्द प्रजातीचा आणि दुसरा जातीचा, ही त्याची पद्धत. त्याने जॅस्मिनम प्रजातीत 'ऑफिसिनाले' ही जाती ठेवली, जिच्या नावाचा अर्थ औषधांच्या कोठारातली असा आहे. उत्तरेकडे चमेली म्हणतात ती ही किंवा तिची अगदी जवळची जाती, आणि पाकिस्तानचे राष्ट्रीय फूल म्हणून चमेलीच निवडली गेली आहे. आपली जाई, म्हणजे 'जॅस्मिनम ग्रँडिफ्लोरम', तिला लिनिअसने १७६२ मध्ये नाव दिले; नंतर कित्येक वर्षे तिला ऑफिसिनालेचाच मोठ्या फुलांचा प्रकार मानण्याकडे अनेकांचा कल होता. मोगऱ्याला मात्र लिनिअसने जॅस्मिनममध्ये घेतलेच नाही. पाचाहून अधिक पाकळ्यांच्या आधारे त्याने मोगरा आणि पारिजातक एकत्र केले आणि त्यांना 'निक्टॅन्थिस', म्हणजे रात्री फुलणारे, असे प्रजातीनाम दिले. पारिजातकाच्या नावातील दुसरा शब्द 'आर्बोर-ट्रिस्टिस', म्हणजे दुःखी वृक्ष. गोव्यातील लोककथेचा धागा अशा रीतीने शास्त्रीय नावात कायमचा गुंफला गेला. मोगऱ्याला मिळालेला 'सँबॅक' हा शब्द अरबी 'झंबक'पासून आला असून मध्ययुगात तो या फुलांच्या तेलासाठी वापरला जाई, आणि आधुनिक अरबीत त्याचा अर्थ लिली असा झाला आहे. दक्षिण आशियात वाढलेल्या झाडाला तेलाच्या व्यापारातले अरबी नाव मिळाले, आणि येथेही वास झाडाच्या पुढे गेला.

मोगऱ्याला जॅस्मिनमबाहेर ठेवण्याची चूक १७८९ मध्ये दुरुस्त झाली. लंडनजवळच्या क्यू येथील बागेचा प्रमुख विल्यम एटन याने त्या बागेतील झाडांच्या सूचीग्रंथात मोगऱ्याला 'जॅस्मिनम सँबॅक' असे नाव दिले. वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकांत या नावापुढे कंसात लिनिअसचे आद्याक्षर आणि कंसाबाहेर एटनचे नाव छापलेले असते, त्याचा अर्थ इतकाच की जातीचा शब्द पहिल्याने दिला आणि आजच्या प्रजातीत तिला दुसऱ्याने आणले. कुंदाचीही गोष्ट अशीच आहे. तोही आधी निक्टॅन्थिसमध्ये होता आणि नंतर 'जॅस्मिनम मल्टिफ्लोरम' झाला. जुईचे 'जॅस्मिनम ऑरिक्युलेटम' हे नाव लिनिअसचा शिष्य मार्टिन व्हाल याने १७९४ मध्ये दिले, आणि सह्याद्रीत चैत्र-वैशाखात पांढऱ्या चांदण्यांनी लगडणाऱ्या कुसरला, जिला रानमोगराही म्हणतात, रॉबर्ट वाइट याने 'जॅस्मिनम मलबारिकम' म्हटले.

ही दुरुस्ती ज्या पुराव्यावर झाली तो पाहण्यासाठी एकेरी मोगऱ्याचे एक ताजे फूल पुरते. देठाच्या टोकाशी हिरवा निदलपुंज असतो, म्हणजे कळीला बाहेरून झाकणारे आवरण, आणि त्याचे दात बारीक, दोऱ्यासारखे व मोकळे असतात. त्यातून वर येते ती पांढरी नळी. पाकळ्या सुट्या नसून तळाशी जुळून ही नळी झालेली असते आणि वरच्या तोंडाशी त्या बशीसारख्या पसरतात. नळी पात्याने उभी चिरली की आतल्या भिंतीला चिकटलेले दोनच पुंकेसर, म्हणजे परागकण धारण करणारे अवयव, दिसतात. फुलाला पाकळ्या पाच असोत की नऊ, पुंकेसर दोनच. नळीच्या तळाशी दोन कप्प्यांचा अंडाशय असतो आणि फळ धरलेच तर ते दोन जोडलेल्या काळ्या मण्यांसारखे मृदुफळ असते, ज्यातला एक मणी पुष्कळदा वाढतच नाही. हे दोन पुंकेसर आणि दुभंगलेले फळ या खुणा जाई, जुई, कुंद आणि कुसर यांतही जशाच्या तशा सापडतात. बटमोगरा किंवा हजारी मोगरा यांत हे पाहू जाणाऱ्याची निराशा होते, कारण तेथे पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात. त्यामुळे ही झाडे बी धरत नाहीत आणि माणसाने कलमांनी ती पिढ्यान्‌पिढ्या जगवली आहेत. बाजारातल्या गच्च कळ्यांचा एकेक गजरा हा अशा निगराणीचाच पुरावा होय, आणि मदुराईच्या मल्लीला २०१३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले ते अशाच जोपासलेल्या वाणाला.

फूल सारखे असताना जाती वेगळ्या करायच्या तर पानाकडे पाहावे लागते. द कांदोल पितापुत्रांच्या 'प्रोड्रोमस' या ग्रंथमालेच्या १८४४ च्या आठव्या खंडात जॅस्मिनमचे चार विभाग पानांवरूनच केले आहेत. ज्यांत पान एकेरी ते एकपर्णिकी, आणि त्यात मोगरा, कुंद, कुसर येतात. ज्यांत एका देठावर तीन पर्णिका, म्हणजे संयुक्त पानाचे तीन छोटे भाग, ते त्रिपर्णिकी. ज्यांत पर्णिका पिसासारख्या दोन्ही बाजूंना ओळीने लागतात ते पिच्छाकृती, ज्यात जाई येते. आणि ज्यांत पाने समोरासमोर न येता एकाआड एक येतात ते एकांतरपर्णी. यांत जुईचे पान सर्वांत लक्षवेधी आहे. वरवर पाहता ते मोगऱ्यासारखे एकेरी वाटते. देठ जरा निरखून पाहिला तर मोठ्या पर्णिकेखाली दोन्ही बाजूंना तांदळाच्या कणीएवढ्या दोन पर्णिका कानांसारख्या उभ्या दिसतात, काही पानांत त्या गळालेल्या असतात. 'ऑरिक्युलेटम' म्हणजे लहान कान असलेली, हे नाव व्हालने यावरूनच दिले, आणि जुईला त्रिपर्णिकी विभागात जागा मिळाली तीही यामुळेच. मोगऱ्याच्या पानाच्या देठावरही एक बारीक सांधा असतो. ते पान मुळात संयुक्त होते आणि त्याची एकच पर्णिका उरली आहे, असा त्या सांध्याचा अर्थ लावला जातो.

युरोपात मात्र नाव वासामागे धावतच राहिले. पांढरे, सुवासिक आणि नळीदार फूल दिसले की त्याला या नावाचा जोड मिळाला. अनंताच्या जातिनामाचा अर्थ या फुलासारखा असा आहे, जरी तो कॉफीच्या कुलातला आहे. बागकामाच्या इंग्रजी पुस्तकांत तगर, कुंती, रातराणी आणि बुचाचे झाड या चौघांनाही कोणत्या ना कोणत्या प्रकारचे जॅस्मिन म्हटलेले आढळते, आणि त्यांची कुले अनुक्रमे कण्हेरीचे, लिंबाचे, वांग्याचे आणि टेटूचे आहेत. अमेरिकेतील पिवळ्या फुलांची एक वेल, जिच्या प्रजातीचे 'जेल्सेमियम' हे नाव इटालियन भाषेतील याच शब्दावरून घडले, सर्वांगाने विषारी आहे. मराठीत अनंत, तगर, कुंती, रातराणी आणि बूच ही पाच वेगळी नावे आहेत आणि त्यांपैकी एकालाही कोणी जाई म्हणत नाही. हल्ली रोपवाटिकांच्या पाट्यांवर आणि मुलांच्या पुस्तकांत या साऱ्यांना सरसकट 'जास्मिन' लिहिण्याची जी चाल पडत आहे, तिने एक नेमकी जाण बोथट होते, आणि ती चाल वेळीच थांबवणे अगत्याचे आहे. रसायनशास्त्रातील प्रवास मात्र या शब्दाला शोभणारा झाला. १९६२ मध्ये जाईच्या तेलातून मिथाइल जास्मोनेट हे संयुग वेगळे करण्यात आले, आणि पुढे असे आढळले की या गटातील संयुगे वनस्पतींमध्ये संप्रेरकांचे काम करतात. कीड लागलेले पान यांच्याच द्वारे झाडाच्या संरक्षणव्यवस्थेला जागे करते. टोमॅटोच्या रोपातही आज जाईच्या नावाचे रसायन मोजले जाते.

कुलाचा प्रश्न याहून दीर्घकाळ चालला. लिनिअसने पुंकेसरांच्या संख्येवरून केलेल्या वर्गवारीत जॅस्मिनम, निक्टॅन्थिस, ऑलिव्ह आणि लायलॅक दोन पुंकेसरांच्या एकाच वर्गात आले होते, आणि १७८९ मध्ये झ्यूसियू या फ्रेंच शास्त्रज्ञाने या मंडळींचा नैसर्गिक गट बांधला तेव्हा त्याला जॅस्मिनमवरूनच नाव दिले. आजचे कुलनाम मात्र ऑलिव्हवरून आहे. या कुलाचे सदस्य महाराष्ट्राला परके नाहीत. सह्याद्रीच्या सदाहरित रानातील पारजांभूळ हे रॉक्सबर्गने ऑलिव्हच्याच प्रजातीत घातलेले झाड, आणि कोरड्या पानझडी रानातील, नासपतीसारखी टणक फळे धरणारा मोखा हाही याच कुलातला. पारिजातकाला मात्र घर मिळेना. त्याचे चौकोनी खोड, खरखरीत पाने आणि चपटे, दोन बियांचे सुके फळ पाहून विसाव्या शतकाच्या मध्यात त्याला सागाच्या तेव्हाच्या कुलात, व्हर्बिनेसीत, हलवण्यात आले, आणि काहींनी त्याच्यासाठी स्वतंत्र कुलच मांडले. २००० मध्ये व्हालांडर आणि अल्बर्ट यांनी हरितलवकातील डीएनएच्या अभ्यासावरून ऑलिएसीची पाच गणांत मांडणी केली. गण म्हणजे कुलाखालचा आणि प्रजातीवरचा टप्पा. पारिजातक त्या मांडणीत ऑलिएसीच्या आतच, कुलाच्या एका जुन्या फांदीवर, बसला. लिनिअसने त्याला मोगऱ्याच्या शेजारी बसवले होते ते शेजार फार जवळचे ठरले नसले, तरी कुळी एकच निघाली.

त्याच अभ्यासाने जॅस्मिनमच्या गणातही एक अडचण उभी केली. मेनोडोरा नावाची एक प्रजाती उत्तर व दक्षिण अमेरिकेच्या आणि दक्षिण आफ्रिकेच्या कोरड्या प्रदेशांत वाढते. तिचे फळ रसाळ नसून वाळून उघडणारे बोंड असते आणि रूपाने ती जाई-मोगऱ्याची नातलग वाटतही नाही. डीएनएने मात्र तिचे मूळ जॅस्मिनमच्याच शाखांमध्ये दाखवले. वर्गीकरणाचा आजचा दंडक असा की एका प्रजातीत एका पूर्वजाचे सगळे वंशज यावेत, कोणी मधून वगळले जाऊ नये. म्हणून एक तर मेनोडोरा जॅस्मिनममध्ये विलीन करायची किंवा जॅस्मिनममधून काही जाती बाहेर काढायच्या, असे दोनच मार्ग उरले. इटालियन वनस्पतिशास्त्रज्ञ एन्रिको बान्फी याने २०१४ मध्ये दुसरा मार्ग धरला. द कांदोलच्या चार विभागांपैकी एकांतरपर्णी विभाग, ज्यात पाने एकाआड एक आणि फुले पिवळी, तो त्याने उचलून 'क्रायसोजॅस्मिनम' ही नवी प्रजाती केली. हिमालयातील 'ह्यूमिले', भूमध्य प्रदेशातील 'फ्रुटिकन्स' आणि कॅनरी बेटांवरील 'ओडोरॅटिसिमम' या जाती तिच्यात गेल्या. नावातील 'क्रायसो' म्हणजे सोने. ह्यूमिले ही जाती म्हणजे पिवळी जाई किंवा स्वर्णजुई, आणि अमरकोशातील हेमपुष्पिका ती हीच, असे सामान्यपणे मानले जाते. अमरसिंहाने पिवळ्या यूथिकेला वेगळे नाव नोंदवले तेव्हा त्याच्यापाशी सूक्ष्मदर्शक नव्हता आणि डीएनएही नव्हता. रंग आणि ठेवण पाहून जी सीमा आखली गेली, ती दीड हजार वर्षांनी दुसऱ्या वाटेने येऊन तेथेच पुन्हा आखली जावी, ही या सर्व इतिहासातील सर्वांत आनंददायक गोष्ट होय.

सर्वच अभ्यासकांनी हे विभाजन व्यवहारात आणलेले नाही, आणि जुन्या वनस्पतिकोशांत 'जॅस्मिनम ह्यूमिले' हेच नाव छापलेले राहणार आहे. नियमाप्रमाणे ते नाव बाद होत नाही, पर्यायी नाव म्हणून नव्या नावाखाली नोंदलेले राहते. बागेतले झाड ओळखताना मात्र सावधगिरी हवी, कारण पिवळ्या फुलांची प्रत्येक वेल या नव्या प्रजातीत जात नाही. चीनमधून आलेली आणि भारतातील बागांत सर्रास लावली जाणारी 'जॅस्मिनम मेस्नी' हीही पिवळी आहे, तिला तीन पर्णिका असतात आणि क्यू येथील पीटर ग्रीन याने तिच्यासाठी व तिच्या जवळच्या जातींसाठी प्रजातीतच 'प्रिम्युलिना' हा पाचवा विभाग केला. फांदीचे एक पेर पाहिले की निकाल लागतो: पाने समोरासमोर जोडीने आली असतील तर ती मेस्नी, आणि एकाआड एक आली असतील तर ती हेमपुष्पिका.